मळणीला उभा केला की ट्रॅक्टर हीट होतो: कूलंट बदललं, थर्मोस्टॅट काढला, तरी काटा लालच

रस्त्याला ट्रॉली ओढताना काही नाही. नांगराला फारसं नाही. पण सोयाबीनच्या मळणीला पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागचा, मळणीयंत्र फिरवणारा दांडा) उभा केला की पाऊण तासात काटा हिरवा पट्टा सोडून लालकडे सरकायला लागतो. मग मशीन थांबवायचं, मजूर बसून, चहा प्यायचा, परत चालू. दुसऱ्या फेरीला पाऊण तास नाही, पंचवीस मिनिटंच. गेल्या खरिपात आमच्या 45 एचपीच्या ट्रॅक्टरनं असा छळ मांडला, रब्बीत हरभऱ्याला पुन्हा तेच. मधल्या काळात तीन मिस्त्र्यांनी तीन औषधं दिली आणि प्रत्येक औषधानं थोडे दिवस बरं वाटून दुखणं परत आलं. शेवटी दोष सापडला तो हवेच्या वाटेत. पण तिथवर पोचायला सहा महिने लागले, आणि तेवढ्यात मिस्त्र्यांच्या हातून काही नवे दोष घरात आले होते. ज्यांचा ट्रॅक्टर असाच परत परत तापतोय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय.

पहिल्या मिस्त्रीनं टोपण उघडून बघितलं आणि म्हणाला, "मालक, कूलंट संपलंय, नुसतं पाणी आहे." खरंच होतं. त्यानं पाणी सोडून दिलं आणि डबेच्या डबे कूलंट ओतलं, पाणी न मिसळता. जास्त पैसे घातले म्हणजे जास्त थंड राहील, असं मलाही तेव्हा वाटलं. चूक होती. घट्ट कूलंट म्हणजे मुख्यतः ग्लायकॉल, आणि ग्लायकॉलची उष्णता वाहून न्यायची ताकद पाण्यापेक्षा बरीच कमी. पाण्याचा एक किलो एक अंशानं तापायला 4.18 किलोज्यूल घेतो, निव्वळ ग्लायकॉल 2.4 च्या आसपास. म्हणून डब्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा: पाणी घालून वापरायचं आहे की तयार मिश्रण आहे. घालून वापरायचं असेल तर साधारण निम्मं-निम्मं. रंगावर जाऊ नका. हिरवं, निळं, गुलाबी हा कंपनीचा रंग आहे, गुणाचा पुरावा नाही. दोन वेगळ्या जातीची कूलंट एकत्र ओतली तर कधी कधी आत गाळ धरतो.

दुसरा मिस्त्री आला हरभऱ्याच्या तोंडावर. त्यानं पाच मिनिटांत थर्मोस्टॅट काढला, हातात दिला आणि म्हणाला, "हे आपल्याकडच्या उन्हाला नकोच." आमच्या पट्ट्यात हे वाक्य इतक्या जणांनी ऐकलंय की ते खरंच वाटायला लागलंय. थर्मोस्टॅट म्हणजे आतल्या मेणाच्या कुपीवर चालणारी झडप. इंजिन गार असताना ती बंद असते, पाणी इंजिनातच फिरतं आणि लवकर कोमट होतं. मेण वितळलं की फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. आमच्यावर 82 कोरलेलं आहे, म्हणजे 82 अंशाला उघडायला सुरुवात. ती काढली तर सकाळच्या गारठ्यात इंजिन तासभर थंडच चालतं, डिझेल नीट जळत नाही, धूर पांढरट येतो, ऑइल लवकर खराब होतं. हे सगळं आमच्याकडे झालं. आणि दुपारी काटा परत लालच. कारण बऱ्याच इंजिनांत झडप उघडताना तिची खालची बाजू बायपासची वाट बंद करते. झडपच नसेल तर बायपास कायम उघडा, आणि गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला न भेटताच इंजिनात परत जातो. थंड करायला म्हणून काढलेली वस्तू अशी उलटी फिरते.

तिसऱ्यानं रेडिएटर खाली उतरवून रॉडिंगला, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ करायला, नेला. वरची टाकी उघडल्यावर नळ्यांच्या तोंडावर पांढरा थर होता, नखानं खरवडला तर चुन्यासारखा. बोअरचं पाणी. ते काम गरजेचं होतं, त्याला मी नाव ठेवत नाही. रेडिएटर बसवल्यावर दहा दिवस ट्रॅक्टर एकदम गार. अकराव्या दिवशी पुन्हा लाल. आता हा माणूस हेड (इंजिनचं वरचं झाकण, त्याच्याखाली सांधा बंद ठेवणारं गॅस्केट असतं) खोलायचं म्हणायला लागला: "गॅस्केट गेलंय, दुसरं काही राहिलं नाही." तिथं मी थांबलो.

थांबायचं कारण ते दहा दिवस. गॅस्केट गेलेलं असतं तर ते दहा दिवस शहाण्यासारखं वागलं नसतं. आतल्या नळ्या साफ केल्या आणि त्या पुन्हा बुजल्या म्हणावं, तर चुना दहा दिवसांत धरत नाही. दहा दिवसांत परत भरणारी एकच गोष्ट शेतात असते, ती म्हणजे भुसा. पण पुढची जाळी तर आम्ही रोज झटकत होतो.

वर-खालच्या पाईपाचं तापमान

मी लांबून तापमान बघायची गन घेतली, दवाखान्यात कपाळाला लावतात तशी नाही, यंत्रांसाठीची, 300 अंशांपर्यंत वाचणारी. एक खुबी लक्षात ठेवा: चकचकीत धातूवर ती खोटं बोलते. म्हणून रेडिएटरच्या वरच्या नळीच्या तोंडावर आणि खालच्या नळीच्या तोंडावर काळी इन्सुलेशन टेप दोन वेढे गुंडाळली आणि टेपवर नेम धरला. आधी थर्मोस्टॅटच्या घराजवळ मोजून काट्याशी ताडून बघा. सेन्सरची वायर सैल असेल, अर्थिंग कच्चं असेल तर काटाच चुकीचा असतो, आणि माणूस नसलेल्या रोगावर खर्च करत बसतो. आमचा काटा खरं सांगत होता.

मार्चमधली दुपार, मळणी चालू. वर 103, खाली 97.

या दोन आकड्यांतच उत्तर आहे. वर उकळतं आणि खालची नळी हाताला कोमट लागते असं असेल, तर पाणी पुरेसं फिरत नाही: नळ्या बुजल्यात, थर्मोस्टॅट अडकलाय किंवा वॉटर बॉडीचा (पाणी फिरवणाऱ्या पंपाचा) पंखा झिजलाय. जे थोडं पाणी रेडिएटरमधून सरकतं ते रमतगमत जातं आणि पार गार होऊन उतरतं. पण वर आणि खाली दोन्ही चटका देणारे आणि फरक नाममात्र असेल, तर पाणी झपाट्यानं फिरतंय आणि त्याची उष्णता घेणारं कुणी नाही. म्हणजे हवा अडलीय. आमचे 103 आणि 97 हे दुसऱ्या जातीचे.

उष्णता किती असते तेही एकदा डोळ्यांपुढे आणा. 45 एचपी म्हणजे साधारण 33 किलोवॅट. डिझेलमधल्या ताकदीचा तिसऱ्या हिश्शाच्या आसपासचा भाग कामाला लागतो, बराचसा सायलेन्सरमधून जातो आणि उरलेल्यातला मोठा वाटा पाण्याच्या अंगावर पडतो. पूर्ण लोडला तो 20 किलोवॅटच्या पुढे सहज जातो. न्हाणीतला गीझर 2 किलोवॅटचा धरला तर दहा-बारा गीझर एकदम चालू, आणि त्यांची सगळी ऊब दीड-दोन हात लांबीच्या जाळीतून बाहेर काढायची. त्या जाळीचा चौथा हिस्सा जरी झाकला गेला तरी हिशोब बिघडतो.

दोन साध्या परीक्षा आहेत, गन नसली तरी जमतात. ट्रॅक्टर चालू ठेवून समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरा. पंख्याच्या ओढीनं तो चिकटून राहिला पाहिजे. हळूहळू कागद सरकवत न्या, जिथं गळून पडतो तिथं मागे वाट बंद. हे समोरूनच करायचं, पंख्याच्या बाजूला हात, उपरणं, शर्टाची बाही काहीही न्यायचं नाही. दुसरी परीक्षा रात्री, इंजिन बंद करून. पंख्याच्या बाजूनं बॅटरीचा झोत रेडिएटरवर मारा आणि समोरून बघा. चाळणीतून उजेड यावा तसे बारीक ठिपके दिसायला हवेत.

मला समोरून काळोख दिसला.

गंमत अशी की समोरून जे दिसत होतं ते अगदी स्वच्छ होतं. कारण समोर दिसतो तो ऑइल कूलर. त्याच्या मागे बोटभर जागा सोडून खरा रेडिएटर. आम्ही रोज झटकत होतो जाळी, फुंकत होतो ऑइल कूलर, आणि मधल्या फटीत कुणीच बघितलं नव्हतं. ऑइल कूलरचे वरचे दोन बोल्ट काढून तो पुढे कलता केला, तर रेडिएटरच्या अंगावर घोंगडीचा तुकडा चिकटवलेला असावा तसा थर. काळपट, ओलसर, नखाएवढ्या जाडीचा. कडेला बोट घालून ओढला तर अखंड सुटून हातात आला. त्यात सोयाबीनच्या शेंगांची लव, हरभऱ्याचं कुटार, मेलेले किडे आणि एक अख्खी गांधीलमाशी. नाकाशी नेला तर हायड्रोलिक ऑइलचा वास.

तो वास महत्त्वाचा. कोरडा भुसा पंखा बंद झाल्यावर निम्मा तरी गळून पडतो. तेलकट भुसा घोंगडी विणतो. ऑइल कूलरच्या एका जोडावर रबरी वॉशर दबला होता आणि तिथून तासाभरात थेंब-दोन थेंब पाझरत होता. थेंब जमिनीवर पडतच नव्हता, त्यामुळे गळतं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पंखा तो ओढून थेट रेडिएटरच्या पात्यांवर मारत होता.

आणि भुसा जाळी चुकवून आत येत कुठून होता? रेडिएटरच्या चौकटीच्या दोन्ही बाजूंना जुन्या सरसाची रेघ दिसली. तिथं मूळ फोमची पट्टी असते, चौकट आणि बॉनेट यांच्यातली फट बुजवणारी. रॉडिंगला नेताना ती निघाली आणि परत लागलीच नाही. कुणाला ती इंजिनचा भाग वाटत नाही. पण हवा आळशी असते, जाळीतून येण्यापेक्षा उघड्या फटीतून येते आणि भुसा सोबत आणते. शिवाय ट्रॅक्टर एका जागी उभा असला की इंजिनावरून गेलेली गरम हवा त्याच फटीनं वळसा घालून परत रेडिएटरपुढे येते. रस्त्याला ट्रॉली ओढताना लोड कमी, समोरून वारा, म्हणून तिथं काही कळत नव्हतं.

साफ करण्याची रीत

आधी हवा, नंतर पाणी. भुसा आधीच भिजवला तर तो फुगून पात्यांत चिखल होऊन बसतो. हवा पंख्याच्या बाजूनं समोरच्या दिशेला मारायची, म्हणजे ज्या वाटेनं आत आला त्याच वाटेनं बाहेर. समोरून मारली तर निम्मा भुसा आणखी आत ठोकला जातो. तेलकटपणा असेल तर भांडी घासायच्या साबणाचं कोमट पाणी लावून वीस मिनिटं मुरू द्या, मग बागेच्या नळीनं हलकं धुवा. गाडी धुण्याच्या प्रेशर पंपाचं नोझल जवळ नेऊ नका, पाती अशी झोपतात की तो भाग कायमचा बंद. झोपलेली पाती बोथट सुरीनं किंवा जुन्या कंगव्यानं एकेक उभी करता येतात, वेळखाऊ काम आहे. इंजिन पूर्ण गार असताना हे करायचं, आणि किल्ली खिशात.

वॉशर बदलला, घोंगडी काढली, थर्मोस्टॅट परत बसवला. बसवण्याआधी तो तपासला: पातेल्यात दोऱ्याला टांगून, तळाला टेकू न देता, शेजारी तापमापक. 82 च्या पुढे झडप हलायला लागली आणि पाणी उकळायच्या आत पूर्ण उघडली. म्हणजे दुसऱ्या मिस्त्रीनं काढलेला थर्मोस्टॅट मुळात ठणठणीत होता. कूलंटही काढून निम्म्या मापाचं भरलं. त्याच मळणीला पुन्हा मोजलं, दुपारचं ऊन तेवढंच: वर 89, खाली 80.

तरीही दर दोन दिवसांनी अर्धा-एक लिटर पाणी कमी होत होतं. कुठं थेंब नाही, ऑइलमध्ये पाणी नाही. आता इथं घाई करून हेडवर जायचा मोह होतो. आधी टोपण बघा. रेडिएटरचं टोपण म्हणजे नुसतं झाकण नाही, ती प्रेशरची झडप आहे, आमच्यावर 0.9 लिहिलंय, म्हणजे 0.9 बार. तेवढा दाब राहिला तर साधं पाणीसुद्धा 118-119 अंशांपर्यंत उकळत नाही. टोपणाचं रबर कडक झालं की दाब धरत नाही, मग पाणी शंभराच्या आधीच उकळायला लागतं, आमच्या उंचीवर तर 98 लाच, आणि वाफ होऊन ओव्हरफ्लोच्या नळीनं निघून जातं. सकाळी गार इंजिनावर वरची रबरी नळी चेपलेली, चपटी दिसली तर टोपणामधली छोटी उलटी झडप अडकलीय असं समजा. ओव्हरफ्लोच्या बाटलीतलं पाणी परत ओढलं जात नाही, म्हणून नळीच आत ओढली जाते. नवं टोपण घेताना जुन्यावरचा आकडा बघूनच घ्या. जास्त दाबाचं टोपण लावलं तर जुने पाईप आणि रेडिएटरचे सांधे सुटतात.

गरम असताना टोपण उघडू नये हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी दर हंगामाला कुणाचा तरी हात भाजतो. टोपण सैल केल्याबरोबर दाब शून्यावर येतो आणि 105 अंशांचं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन अंगावर येतं. ओलं पोतं टाकून उघडलं तरी तेच.

तुमच्या ट्रॅक्टरचं लक्षण वेगळं असेल तर

उभ्या कामाला तापतो, चालत्याला नाही: हवा. वर लिहिलेलं सगळं, शिवाय पंख्याभोवतीचं कव्हर जागेवर आहे का ते बघा. गॅरेजमध्ये हात जात नाही म्हणून काढतात आणि मग ते कोपऱ्यात पडून राहतं.

बेल्ट अंगठ्यानं मधोमध दाबला तर साधारण 10 ते 15 मिलीमीटर दबावा. चकचकीत काळा झालेला बेल्ट घट्ट असला तरी घसरतो. वॉटर बॉडीच्या खालच्या बारीक भोकातून पाण्याचा ओघळ किंवा हिरवट डाग दिसला तर सील गेलं. ते भोक एम-सीलनं बुजवू नका. ते गळावं म्हणूनच ठेवलंय, बुजवलं तर पाणी बेअरिंगमध्ये जातं.

गार इंजिन चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत वरची नळी दगडासारखी कडक होत असेल, ओव्हरफ्लोच्या बाटलीत सतत बुडबुडे येत असतील, ऑइलच्या टोपणाखाली दुधाच्या सायीसारखं जमत असेल, तर मात्र हेड गॅस्केटचा विषय. अशी दोन लक्षणं एकत्र दिसल्याशिवाय मी तरी हेड खोलू देणार नाही.

रोटाव्हेटरला तापणाऱ्यांनी आधी गिअर बघावा. पंखा आणि वॉटर बॉडी दोन्ही इंजिनच्या फेऱ्यांवर चालतात. वरच्या गिअरमध्ये, खोल लावून, इंजिन कण्हत 1400 वर आणलं तर उष्णता पूर्ण तयार होते आणि हवा-पाणी दोन्ही अर्धवट मिळतं. एक गिअर खाली घ्या, फेऱ्या वर ठेवा.

पाण्याबद्दल एकच सांगतो. बोअरचं पाणी जितक्या वेळा वरून घालाल तितक्या वेळा नवा चुना घालताय, पाणी उडून जातं आणि चुना आत राहतो. आम्ही बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी वापरतो. कूलंटचं काम नुसतं गोठण थांबवणं असतं तर लातूरकडे त्याची गरजच नव्हती. त्यातली रसायनं गंज थांबवतात, आणि ओल्या लायनरच्या (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, बाहेरून पाणी लागणारी) डिझेल इंजिनात लायनरच्या बाहेरच्या अंगाला टाचणीएवढी भोकं पडण्यापासून वाचवतात. लायनर धडधडतो, पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होतात आणि फुटताना लोखंडाचा कण कण उडवतात. नुसत्या पाण्यावर चालवलेल्या इंजिनाचा लायनर एकदा बाहेर काढून बघा, देवी आलेल्या चेहऱ्यासारखा दिसतो.

मळणी चालू असताना काटा लालकडे निघालाच, तर पीटीओ सोडा, लोड काढा, पण इंजिन लगेच बंद करू नका. थोड्या चढ्या फेऱ्यांवर पाच मिनिटं चालू द्या, म्हणजे पाणी फिरत राहील. बेल्ट तुटला असेल किंवा पाणीच सांडून गेलं असेल तरच ताबडतोब बंद. तापलेल्या इंजिनावर बादलीभर गार पाणी ओतणाऱ्याला आवरा, हेडला तडा जातो. आणि यंत्र मांडताना ट्रॅक्टरचं तोंड वाऱ्याकडे करा. भुसा मागे उडतो आणि पंख्याला वाऱ्याची साथ मिळते. आमचे अण्णा उफणणी करायच्या दिवसांपासून वारा बघूनच खळ्यात उभे राहायचे, मी मात्र सावली बघून ट्रॅक्टर लावत होतो.

फोमची पट्टी बाजारात मिळाली नाही. जुन्या टायरच्या ट्यूबची चार बोटं रुंद पट्टी कापून सरसानं चिकटवली, ती मे महिन्याच्या उन्हात सुटली. आता पत्र्याची चीप वरून ठेवून चार रिव्हेट मारलेत. ऑइल कूलरच्या बोल्टांना हातानं फिरवता येतील असे पंखवाले नट लावलेत, म्हणजे दर शनिवारी पान्हा न शोधता तो पुढे कलता करून मधली फट बघता येते.